सी ची हेडर फाइल लिहिताना नावं कशी ठेवायची

सी मध्ये नेमस्पेस (नावांसाठी वेगळे कप्पे) नाही, सगळा घोळ इथनंच सुरू होतो. डॉट सी फाइलमध्ये काय वाटेल ते नाव द्या, स्टॅटिक लावलं की ते तिथंच राहतं. पण हेडरमधलं, म्हणजे इतर फाइल्सनी इन्क्लूड करायच्या डॉट एच फाइलमधलं नाव जो कोणी इन्क्लूड करेल त्याच्या फाइलमध्ये जाऊन बसतं, आणि त्याच्याकडे आधीच त्या नावाचं काही असेल तर एरर त्याला आणि शिव्या तुम्हाला.

म्हणून आधी प्रिफिक्स, म्हणजे प्रत्येक नावाच्या सुरुवातीला लावायचा तुकडा ठरवा. समजा रिंग बफरची (गोल फिरणाऱ्या रांगेची) छोटी लायब्ररी करताय, तर फंक्शनला नुसतं इनिट, पुश, पॉप म्हणू नका, आरबफ_इनिट, आरबफ_पुश असं करा, सगळं स्मॉल लेटरमध्ये. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी बघा, एसक्यूलाइट3_ओपन, एसक्यूलाइट3_क्लोज, फंक्शनचं एकही नाव सुटलेलं नाही. एनमला (नाव दिलेल्या आकड्यांची यादी) लोक हमखास विसरतात! सी मध्ये एनमच्या आतली नावं आत राहत नाहीत, बाहेर सगळीकडे दिसतात, त्यामुळे नुसतं ओके, फुल, एरर ठेवलं की कधीतरी कुणाशी तरी टक्कर होणारच, तिथेही आरबफ_एरर_फुल असंच पाहिजे. आणि नाव लांब झालं तर होऊ द्या. स्ट्रिंग कॉपीचं एसटीआरसीपीवाय झालं तो काळ वेगळा होता, सी89 मध्ये, म्हणजे सी च्या 1989 च्या स्टँडर्डमध्ये, बाहेर दिसणाऱ्या नावाची पहिली 6 अक्षरंच वेगळी ओळखली जातील एवढीच गॅरंटी होती, सी99 ने ती 31 केली.

आता इन्क्लूड गार्ड, म्हणजे एकच हेडर दोनदा आत येऊ नये म्हणून लावलेलं खुणेचं नाव. दोन्ही बाजूला दोन दोन अंडरस्कोर लावलेला गार्ड तुम्ही शंभर ठिकाणी बघितला असेल, तरी तो चूकच आहे, कारण दोन अंडरस्कोरने किंवा अंडरस्कोर आणि कॅपिटल अक्षराने सुरू होणारी नावं कंपाइलर आणि स्टँडर्ड लायब्ररीसाठी राखीव आहेत. बहुतेक वेळा काही होत नाही म्हणून चालून जातं. गार्डमध्ये प्रोजेक्टचं नाव पण घाला, नुसतं यूटिल_एच ठेवलं आणि दुसऱ्या लायब्ररीचाही गार्ड तोच निघाला तर नंतर येणारं हेडर गुपचूप गायब होतं आणि तुम्ही फंक्शन का सापडत नाही म्हणून भलतीकडेच शोधत बसता. गार्डऐवजी नुसतं प्रॅग्मा वन्स लिहिणं स्टँडर्डमध्ये नाही पण जीसीसी, क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा, तिन्ही कंपाइलरना चालतं, मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही.

टाइपच्या नावाला शेवटी _टी लावायची सवय सगळ्यांनाच आहे, पण पॉझिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टिमचं स्टँडर्ड) ते राखून ठेवलंय. प्रिफिक्स असेल तर टक्कर व्हायची शक्यता कमी, पण मी सरळ स्ट्रक्ट आरबफ लिहितो, टाइपडेफ (टाइपला दुसरं नाव देणं) करतच नाही. लिनक्स कर्नलच्या स्टाइलमध्येही स्ट्रक्टला टाइपडेफ नको असंच आहे.

मॅक्रो (डिफाइनने ठेवलेली नावं) सगळे कॅपिटलमध्ये, आणि प्रिफिक्स त्यांना पण, उलट त्यांनाच जास्त, कारण मॅक्रोला स्कोप बिप काही कळत नाही, दिसेल तिथे बदलून टाकतो. विंडोजच्या हेडरमध्ये मिन आणि मॅक्स असे स्मॉल लेटरमधले मॅक्रो आहेत, त्यामुळे सी प्लस प्लसवाल्यांचं एसटीडी मिन फुटतं आणि त्यांना आधी नोमिनमॅक्स डिफाइन करावं लागतं. जमेल तिथे मॅक्रोऐवजी स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहा.

ग्लोबल व्हेरिएबल शक्यतो नकोच. लागलंच तर हेडरमध्ये एक्स्टर्न लावून फक्त डिक्लेअर करा आणि डेफिनिशन एकाच डॉट सी मध्ये ठेवा. एक्स्टर्न विसरलं तरी पूर्वी जीसीसी चालवून घ्यायचा, 2020 च्या जीसीसी 10 पासून डिफॉल्टच बदलला आणि कित्येक जुने प्रोजेक्ट मल्टिपल डेफिनिशन म्हणून लिंक व्हायचे बंद झाले.

प्रोटोटाइपमध्ये (फंक्शनचं नुसतं डिक्लेरेशन) पॅरामीटरची नावं लिहा, नुसतं इंट, इंट बघून कुठला साइझ आणि कुठली व्हॅल्यू ते कुणाला कळणार? पॅरामीटर नसतील तर कंसात व्हॉइड लिहा, सी23 च्या आधी रिकामा कंस म्हणजे पॅरामीटर किती ते सांगितलंच नाही असा अर्थ होतो. टॅब की स्पेस यावर भांडू नका, क्लँग फॉरमॅट या कोड आपोआप नीट मांडणाऱ्या टूलची एक फाइल टाका आणि मोकळे व्हा.

आणि हो, आरबफ डॉट सी मध्ये सगळ्यात वर आरबफचंच हेडर इन्क्लूड करा, स्टँडर्ड हेडर त्याच्या खाली. मग हेडरमध्ये साइझ_टी वापरलंय पण ते ज्यात आहे ते एसटीडीडेफ हेडर इन्क्लूड करायचं राहिलंय असं असेल तर ते तुमच्याच मशीनवर फुटतं, दुसऱ्याच्या नाही.