कॉन्फरन्समध्ये बोलायचंय? आधी एकच चूक निवडा

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कॉन्फरन्समध्ये बोलायची संधी मिळाली की सगळं सांगून टाकावंसं वाटतं. माझ्या पहिल्या सत्राला तीस मिनिटं होती आणि मी ४२ स्लाइड केल्या होत्या. एकोणिसाव्या स्लाइडवर असताना सत्राध्यक्षांनी 'पाच मिनिटं' लिहिलेला कागद दाखवला. ज्या गोष्टीसाठी मी तिथं उभी होते, ती सदतिसाव्या स्लाइडवर होती. ती सांगायची राहूनच गेली आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं: इतिहासापासून सुरुवात करू नका. क्रिटिकल पाथ मेथड (ज्या कामांच्या साखळीला उशीर झाला की अख्खा प्रोजेक्ट लांबतो, ती शोधायची पद्धत) १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीत उभी राहिली, त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट हे शेड्यूल आखायचं तंत्र तयार झालं, हे समोरच्या बऱ्याच जणांनी परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. सिडनी ऑपेरा हाउसही नको. अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, खर्च १० कोटी २० लाख, उद्घाटन १९६३ ऐवजी १९७३ मध्ये. उदाहरण खरं आहे, बोलकं आहे, पण तिथल्या बैठकांना तुम्ही हजर नव्हता. ज्या बैठकीला तुम्ही होता, तिच्याबद्दल बोला.

एक प्रोजेक्ट घ्या आणि त्यातला एकच निर्णय घ्या, शक्यतो चुकलेला. माझा असा होता. डेटा मायग्रेशनला, म्हणजे जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायला, क्लायंटची मंजुरी हवी होती. शेड्यूलमध्ये तिला पाच दिवस धरले होते आणि पुढे बारा दिवसांचा फ्लोट होता, म्हणजे तेवढा उशीर झाला तरी प्रोजेक्ट लांबणार नव्हता. काम क्रिटिकल पाथवर नाही, म्हणून साप्ताहिक रिपोर्टमध्ये ते हिरवंच, म्हणजे काळजी नसलेलं, दिसत राहिलं. मंजुरी आली छत्तिसाव्या दिवशी. एकतीस दिवस जादा, त्यातले बारा फ्लोटने पोटात घेतले, उरलेले एकोणीस दिवस अख्खा प्रोजेक्ट पुढे गेला. फ्लोट संपला त्या दिवशीच ते काम क्रिटिकल झालं होतं, पण आम्ही जुन्याच क्रिटिकल पाथकडे डोळे लावून बसलो होतो. ही गोष्ट सांगायला वीस मिनिटं पुरतात, आणि सभागृहातल्या प्रत्येकाला आपलं शेड्यूल आठवतं.

प्रस्ताव पाठवताना शीर्षकात हेच येऊ द्या. 'स्टेकहोल्डर व्यवस्थापनातील आव्हाने' या नावाखाली काहीही बसतं, म्हणून निवड समितीला त्यात काहीच दिसत नाही. 'हिरव्या कामाने खाल्लेले एकोणीस दिवस' म्हटलं की काय ऐकायला मिळणार ते कळतं.

शेड्यूलचा स्क्रीनशॉट थेट स्लाइडवर टाकू नका. तीनशे ओळींचा गँट चार्ट (प्रत्येक कामाची तारखांवर आडवी पट्टी दाखवणारा तक्ता) तिसऱ्या रांगेतूनही वाचता येत नाही. मी चार पट्ट्या नव्याने काढल्या: ठरलेली मंजुरी, फ्लोट, प्रत्यक्ष मंजुरी आणि सरकलेलं टेस्टिंग. प्रत्येक पट्टीवर दिवसांचा आकडा लिहिला, कारण लाल आणि हिरव्यातला फरक सगळ्यांनाच दिसतो असं नाही.

परवानगी लेखी घ्या, आपल्या कंपनीची आणि गरज असेल तर क्लायंटचीही. नुसतं नाव गाळून भागत नाही. उद्योग, वर्ष आणि टीमचा आकार सांगितला की जाणकार माणूस लगेच ओळखतो. मी स्वतःला एक प्रश्न विचारते: ज्याच्या टेबलावर काम अडकलं होतं तो माणूस पहिल्या रांगेत बसला असेल, तर हेच वाक्य मी याच शब्दांत बोलेन का? उत्तर 'नाही' आलं तर वाक्य बदलते.

सराव उभं राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करा. तीस मिनिटं असतील तर बोलणं बावीसच्या आत संपायला हवं. पण सर्वात महत्त्वाचं म्हणजे एक सराव त्याच प्रोजेक्टमधल्या सहकाऱ्यासमोर करा. आठवण नकळत गोष्टीला इस्त्री करते. मी म्हणत होते, "उशीर होतोय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही." सहकारी म्हणाला, "नवव्या दिवशी मी तुला मेल केला होता." मी शोधला. मेल होता, खाली माझं उत्तरही होतं: 'फ्लोट आहे अजून, बघू.' ते चार शब्द मी मोठ्या अक्षरांत एका स्लाइडवर घेतले. पूर्ण सत्रात सभागृह सगळ्यात शांत झालं ते त्या स्लाइडला.

प्रश्न आला की तो माइकवर पुन्हा म्हणा, मागच्यांना ऐकू आलेला नसतो. "आम्ही अजाइल वापरतो, आमच्याकडे असं होत नाही," असं कुणीतरी म्हणणारच. (अजाइल म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत.) वाद घालू नका. 'टीमबाहेरच्या मंजुरीवर तुमच्याकडे रोज कुणाची नजर असते?' एवढंच विचारा आणि थांबा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल हे प्रमाणपत्र घेतलेले) असाल तर ते टिकवायला तीन वर्षांत लागणाऱ्या ६० पीडीयूंमध्ये, म्हणजे व्यावसायिक विकासाच्या गुणांमध्ये, अशी व्याख्यानं धरता येतात, त्याची नोंद त्याच आठवड्यात करून टाका.

आणि बोलून झाल्यावर लगेच निघू नका. ज्यांना माइकवर विचारायचा संकोच वाटतो, ते मंचाजवळ येतात. माझ्याकडे तिघं आले. त्यातल्या एकाने फोनवर आपलं शेड्यूल उघडून एका हिरव्या ओळीवर बोट ठेवलं. मंजुरीला पाच दिवस धरले होते, नऊ उलटले होते. मी म्हटलं, "आत्ता फोन करा त्यांना." तो तिथूनच फोन लावत बाहेर गेला.