रिव्हॉल्व्हरचं काडतूस, पिस्तुलाचं पोट: डेझर्ट ईगल पहिल्यांदा चालवताना

आमच्या आप्पांची हयात इचलकरंजीत यंत्रमागावर गेली. जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. माग बंद पडला की आप्पा आधी कान लावायचे, मग हात. त्यांना पाने-पकडी देत मी मोठी झाले, इंजिनिअर झाले आणि आता अमेरिकेत फिनिक्सजवळ चँडलरला राहते. सांगायचं कारण एवढंच, की मला बंदुकांचं वेड नाही. अडकू शकणारं यंत्र न अडकता कसं चालतं, याचं आहे. मॅग्नम, म्हणजे जादा जोराची, काडतुसं खाणारी सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप आत घेणारी) पिस्तुलं मला आवडतात ती त्यामुळे.

इथल्या ओळखीपाळखीतले लोक मला हमखास विचारतात, "ते सिनेमातलं मोठं पिस्तूल, डेझर्ट ईगल, चालवायचंय, कुठे जाऊ?" फोनवर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी कागदपत्रं

एच-१बी, एच-४, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर इथेच थांबा. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, भाड्याने घेतलेली बंदूकही त्यातून सुटत नाही. अपवाद आहेत. एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना हा त्यातला नेहमीचा. पण "मित्र म्हणाला चालतं" यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. गावाहून आलेल्या सासऱ्यांना हौस असेल तर त्यांना काचेमागून बघू द्या.

आणखी एक. अनोळखी माणूस एकटाच आला तर बऱ्याच रेंज बंदूक भाड्याने देत नाहीत. त्यामागचं कारण दुःखद आहे आणि नियम रास्त आहे. सोबत कुणाला तरी न्या.

भानगड सगळी कडेची

.३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५चं, .४४ मॅग्नम १९५५चं (आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात). दोन्ही रिव्हॉल्व्हरसाठी जन्मली. त्यांच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते, घंगाळाच्या काठासारखी. .३५७ची कडा अंगापेक्षा दोन्ही बाजूंना जेमतेम पाऊण मिलिमीटर बाहेर येते. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात ही कडा सोन्यासारखी: तिच्यामुळे काडतूस आत घसरत नाही आणि तिलाच धरून रिकामी पुंगळी बाहेर ढकलता येते.

हेच काडतूस आता पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, भरा. तिथे काडतुसं एकावर एक बसतात आणि वरचं पुढे सरकून नळीत जातं. वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागे पडली, तर पुढे जाताना ती खालच्याला अडते आणि गाडी ठप्प. म्हणून साधी पिस्तुलं कडा नसलेली काडतुसं वापरतात. १९७१च्या ऑटो मॅग पिस्तुलवाल्यांनीही हा त्रास टाळला: रायफलच्या पुंगळ्या कापून स्वतःचंच बिनकडेचं काडतूस केलं, .४४ एएमपी.

दोघा-तिघांनी मात्र कडेशीच झटापट केली. मिनेसोटातल्या डॅन कूनन यांनी '१९११' नावाच्या जुन्या पिस्तुलाचा साचा ताणून त्यात .३५७ मॅग्नम बसवलं. वेगळी हलकी स्प्रिंग घातली की त्यात .३८ स्पेशल हे आखूड, सौम्य काडतूसही चालायचं. आता ती कंपनी बंद आहे, पण जुनं कूनन कुणाकडे दिसलं तर हात जोडून एक मॅगझिन मागा. आणि मिनेसोटाच्याच मॅग्नम रिसर्चने इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजकडून डेझर्ट ईगल घडवून घेतलं. पहिलं आलं ते .३५७मध्येच. सिनेमातल्या .५०ची वेळ १९९१ला आली. लोक उलटं समजतात.

डेझर्ट ईगलच्या आतलं काम पिस्तुलापेक्षा रायफलचं जास्त. गोळी सुटली की नळीतल्या छोट्या भोकातून थोडा वायू खालच्या बोगद्यात शिरतो, पुढे तोंडापाशी जाऊन पिस्टनला धक्का देतो आणि तो पिस्टन स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाला, मागे रेटतो. नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट गोल फिरून सुटतो. नळी जागची हलत नाही. हे पहिल्यांदा उलगडून पाहिलं तेव्हा मी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला होता, तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते याचं भान न ठेवता.

कोणतं घ्यायचं

रेंजवाला .५० पुढे करेल, कारण सगळे तेच मागतात. तुम्ही .३५७ मागा. ते नसेल तर .४४. नवख्या हाताला .५०चा झटका इतका बसतो की पुढच्या प्रत्येक गोळीला डोळे आपोआप मिटतात, आणि मग यंत्र काय करतंय ते कळायच्या आत पैसे संपतात. .५०ची काडतुसंही महाग. उलट .३५७चं डेझर्ट ईगल चालवायला गोड. तितक्याच जाडीच्या नळीला भोक लहान, म्हणजे लोखंड जास्त, म्हणजे वजन जास्त. दोन किलोच्या आसपासचं ते धूड अर्धा झटका स्वतःच गिळतं, वायूचं काम उरलेला लांबवतं. हलक्या रिव्हॉल्व्हरमधून हेच काडतूस तळहातावर छडी मारतं. इथे कुणीतरी खांद्याला धरून मागे सारल्यासारखं वाटतं. शिवाय रिव्हॉल्व्हरमध्ये चक्र आणि नळी यांच्या फटीतून थोडा वायू वाया जातो. इथे ती फटच नाही.

मॅगझिनमध्ये .३५७ची ९, .४४ची ८ आणि .५०ची ७ काडतुसं बसतात.

काडतुसं घेताना दोनच गोष्टी बघा. एक, गोळीवर तांब्याचं वेष्टण हवं. उघड्या शिशाची गोळी यात चालत नाही. शिशाचे कण त्या वायूच्या भोकात जमतात आणि ते बुजलं की काम तमाम. दुसरं, .३८ स्पेशल नको. .३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते खुशाल चालतं, म्हणून लोक स्वस्तात मिळतं तर आणतात. पण त्याची पुंगळी साडेतीन मिलिमीटरने आखूड आणि दम कमी. डेझर्ट ईगलचा गाडा त्याने ओढला जात नाही.

मॅगझिन भरणं

इथे घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. मॅगझिन डाव्या हातात उभं धरा, पुढची बाजू तुमच्यापासून लांब. पहिलं काडतूस ओठांच्या (मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या पत्र्याच्या) पुढून खाली दाबा आणि मागे सरकवा. टक् आवाज येतो. दुसरं घ्या. त्याच्या बुडाने पहिल्याला खाली दाबा, तेही पुढून आणि मागे सारतच. असं केलं की दुसऱ्याची कडा आपोआप पहिल्याच्या कडेपुढे बसते. एकेक भरलं की बाजूने डोळा लावून बघा: प्रत्येक वरची कडा खालचीच्या किंचित पुढे, जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसली पाहिजे. मॅगझिनचा आतला उतार त्यासाठीच ठेवलेला असतो. एखादी पायरी उलटी दिसली तर सगळं काढून परत भरा. मी अजूनही बघते. कांडी भरलेला धोटा मागात सोडण्याआधी आप्पा अंगठ्याने सूत चाचपायचे, तसंच.

पहिल्या खेपेला मॅगझिनमध्ये एकच काडतूस. नऊ बसतात म्हणून नऊ भरायचे नाहीत. पहिल्या झटक्याने मनगट वर गेलं आणि बोट चापावरच राहिलं, तर दुसरी गोळी छतात. एक, मग दोन, मग तीन.

पकड, आणि माझी फजिती

काडतूस ४० मिलिमीटर लांब आणि ते मुठीतच मावायला हवं, म्हणून मूठ पुढून मागे लांबलचक. माझा हात लहान, बांगडीचं माप दोन-चार. चापापर्यंत बोट पोचवायला मी मूठ किंचित फिरवून धरली आणि डावा तळहात खाली लावला, चहाच्या कपाखाली बशी धरतात तसा. पहिली गोळी सुटली. दुसरी अर्धी नळीत, अर्धी बाहेर, तिरकी अडकली. मी काडतुसांना दोष दिला, मग रेंजच्या पिस्तुलाला. शेजारच्या लेनमधल्या आजीबाई, सत्तरीच्या तरी असतील, हसून म्हणाल्या, "बाई गं, तो हात खालून काढ."

कारण असं: डेझर्ट ईगलचं मॅगझिन आत थोडं सैल तरंगतं, मुद्दाम. खालून रेटलं की ते वर चढतं आणि काडतूस नळीत जायची वाट चुकतं. तेव्हा डावा हात उजव्या बोटांभोवती, समोरून. तळवा मॅगझिनला लागता कामा नये. मनगटं आणि कोपरं घट्ट, खांदे थोडे पुढे. मनगट ढिलं पडलं तर स्लाइडचा जोर तुमच्या हाताच्या झोक्यात जातो आणि पुंगळी दारातच अडकते.

स्लाइड ओढायला जड असते. नुसती मागे ओढू नका: डाव्या हाताने स्लाइड घट्ट पकडून धरा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. पूर्ण मागे गेली की सोडून द्या. हाताने पुढे आणून बसवायची नाही, तिची तिला आपटू द्या.

कानात फोमचे बोळे आणि त्यावर हेडफोनसारखे मफ, दोन्ही. बंद खोलीत या काडतुसाचा आवाज सुतळी बॉम्बच्या वरताण. चष्मा हवाच. आणि गळा बंद असलेला कपडा घाला. हे पिस्तूल तापलेल्या पुंगळ्या कधी कधी थेट तोंडावर फेकतं. एक माझ्या गळ्याशी, मंगळसूत्राच्या आत जाऊन बसली. नाचायचा मोह होतो. नाचायचं नाही. तोंड समोर, बोट चापाबाहेर, पिस्तूल खाली ठेवा, मग काय ते करा. त्या भाजल्याचा डाग महिनाभर राहिला आणि घरी काय सांगावं हा प्रश्न पडला तो वेगळाच.

अडकलं तर

चाप ओढला आणि नुसतं खट् झालं तर तोंड निशाणाकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. काही काडतुसं उशिरा पेटतात. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर मात्र पुढची गोळी अजिबात नाही. आधीची नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फुटते. पिस्तूल खाली ठेवून हात वर करा, रेंज ऑफिसर येतो. यात कमीपणा नाही. साधी अडकलेली पुंगळी असेल तर मॅगझिन काढा, स्लाइड दोन-तीनदा ओढा, आत डोकावून बघा, आणि कुठे चुकलं ते शोधा: मनगट, तळहात, की कडा. नव्वद टक्के वेळा या तिघांतलंच कुणीतरी असतं, निदान माझ्या हातात तरी.

घरी जाण्याआधी

हात आणि चेहरा गार पाण्याने साबण लावून धुवा. शिशाची धूळ बसलेली असते. चहा-सामोसा त्यानंतर. रेंजला नेलेली बॅग वेगळी ठेवा, भारतात जाताना तीच उचलू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली प्रकरण उभं राहतं आणि सुट्टी वकिलाच्या दारात जाते. आठवण म्हणून रिकामी पुंगळीसुद्धा नेऊ नका.

आप्पांना ती कडा हातात घेऊन बघायची होती. मी पुंगळी नेली नाही. कागदावर पाचपट मोठं चित्र काढलं, एकावर एक तीन काडतुसं, कडेला बाण आणि मापं, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हॉइस मेसेज आला: "बघितलं गं. जमवलंय बेट्यांनी. पर असला कडंचा धोटा मी मागात घातला असता, तर मालकानं त्याच दिवशी घरी धाडलं असतं मला."