सुपरहिरोंचा को-ऑप बीट-एम-अप खेळताय? या चुका टाळा

बीट-एम-अप म्हणजे पुढे चालत जाऊन शत्रूंच्या टोळ्यांना हाणण्याचा गेम, आणि को-ऑप म्हणजे तो मित्रांनी एकाच संघात खेळणं. चौघे मिळून खेळायला बसलात की पहिल्या दोन लेव्हल हसतखेळत पार होतात. मग एकाएकी सगळ्यांची हेल्थ भराभर संपू लागते, कंटिन्यू (मेल्यावर पुन्हा खेळायच्या संधी) उडतात आणि "बटणं जोरात दाबा रे" अशी आरडाओरड सुरू होते. खरं तर बटणं सगळे दाबतच असतात. गडबड असते ती उभं राहण्याच्या जागेत. 1992 चा कोनामीचा सहा जणांचा एक्स-मेन आर्केड गेम घ्या, नाहीतर 2025 मध्ये आलेला मार्व्हल कॉस्मिक इन्व्हेजन घ्या. ठोसा, उडी, खास शक्ती हाच मूळ मसाला दोन्हींत आहे, आणि कोण कुठे उभा आहे यावरच दोन्हींत निकाल लागतो.

स्क्रीनच्या खोलीकडे (डेप्थकडे) दुर्लक्ष

नव्या खेळाडूचा ठोसा हवेत जातो, समोरच्याचा मात्र बरोबर लागतो. कारण साधं आहे. या गेममध्ये स्क्रीनवर वर-खाली सरकणं म्हणजे रस्त्यावर आत-बाहेर सरकणं. तुम्ही आणि शत्रू एकाच आडव्या रेषेवर असाल तरच मार लागतो. रेषा थोडी चुकली की कॅप्टन अमेरिकाची ढालसुद्धा शेजारून निघून जाते.

चेहऱ्याकडे बघून ही रेषा कळत नाही, पायांकडे बघावं लागतं. आयर्न मॅन, स्टॉर्म यांच्यासारखा उडणारा हिरो घेतला असेल तर जमिनीवरची सावली हाच एकमेव भरवशाचा खुणेचा दगड. सावली शत्रूच्या पायांच्या रेषेत आली की मारा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शत्रूवर सरळ रेषेत चालून जाऊ नका. तुमचा हात त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत त्याची काठी, बंदूक किंवा लेझर तुमच्यापर्यंत पोहोचलेली असते. थोडं वरून किंवा खालून तिरकं या आणि रेषेत पाऊल टाकता टाकताच ठोसा मारा. धावून येणाऱ्या बॉससमोर मागे पळणं तर सर्वांत वाईट, कारण तुम्ही त्याच्याच वाटेवर पळत असता. एक पाऊल वर किंवा खाली सरका, तो शेजारून निघून जाईल आणि त्याची पाठ तुमच्यासमोर येईल. एवढी एक सवय अंगी बाणली तरी निम्मा मार वाचतो.

घोळक्याच्या मधोमध शिरणं

शत्रू मुद्दाम दोन्ही बाजूंना पसरतात. तुम्ही एकाला धोपटत असता तेव्हा दुसरा पाठीमागे येऊन उभा राहतो. जोशात पुढे घुसलेल्याचा अभिमन्यू होतो तो इथेच: आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. त्यामुळे सतत एकच प्रयत्न ठेवा, सगळे शत्रू आपल्या एकाच बाजूला असावेत. कोणी मागे आलाच तर त्याला पकडून घोळक्याच्या दिशेने फेका. फेकलेला शत्रू वाटेतल्या बाकीच्यांनाही पाडतो आणि तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पकड आणि फेक ही या प्रकारातली सर्वांत दुर्लक्षित चाल आहे, असं माझं ठाम मत आहे.

को-ऑपमध्ये यात एक वेगळी चूक मिसळते, ती म्हणजे दोघांनी एकाच शत्रूवर तुटून पडणं. दिसायला हे सहकार्य वाटतं. पण पहिल्याचा कॉम्बो (एकापाठोपाठ ठोशांची साखळी) रंगात आलेला असतो तेवढ्यात दुसऱ्याचा फटका बसतो, शत्रू उडून लांब पडतो, पहिल्याचे उरलेले ठोसे हवेत जातात आणि तेवढ्या वेळात मागचे तिघे दोघांनाही गाठतात. पाठीला पाठ लावून उभं राहा. डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. चौघे असाल तर वरची आणि खालची पट्टीही वाटून घ्या. बॉस एकटाच उरला तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही एकाने समोरून त्याचं लक्ष वेधावं आणि बाकीच्यांनी मागून मारावं.

डबल ड्रॅगनसारख्या 1987 च्या गेममध्ये तर सोबत्यालाही मार लागतो. जुने गेम काढून खेळणार असाल तर ही गोष्ट आधीच तपासा, म्हणजे नंतर भांडण नको.

स्क्रीनच्या कडेला पळत सुटणं

कॅमेरा सगळ्यांना मिळून एकच असतो. एक जण मागे राहिला की बाकीचे पुढच्या अदृश्य भिंतीवर आपटत राहतात. त्याहून त्रासदायक म्हणजे शत्रूंची पुढची फळी बहुतेक वेळा स्क्रीन पुढे सरकली की येते. मागे सोबती अजून तिघांशी झुंजत असताना आपलंच घोडं दामटणारा खेळाडू सगळ्या संघावर नवे चार शत्रू आणून सोडतो. मागचे संपल्याशिवाय पुढे पाऊल नको. शिवाय अगदी कडेला उभं राहिलात तर बाहेरून आत येणारा शत्रू तुम्हाला दिसण्याआधी त्याचा फटका दिसतो.

खास शक्ती साठवत बसणं

फायनल फाइट (1989) मध्ये हल्ला आणि उडी ही दोन्ही बटणं एकदम दाबून मारायची खास चाल शत्रूला लागली की तुमचीच हेल्थ घेते. एक्स-मेन आर्केडमध्येही म्युटंट शक्ती वापरली की हेल्थ जाते. असे गेम खेळून वाढलेले खेळाडू नव्या गेममध्येही शक्ती जपून ठेवतात. पण आता बहुतेक ठिकाणी त्यासाठी वेगळं मीटर (शक्ती किती साठली ते दाखवणारी पट्टी) असतं आणि ते मारामारीतूनच पुन्हा भरतं. भरलेलं मीटर घेऊन मरणं हा निव्वळ तोटा आहे.

शक्तीचा खरा उपयोग सुटका करून घेण्यासाठी होतो. ती वापरतानाच्या क्षणी बहुतेक गेममध्ये तुम्हाला मार लागत नाही, म्हणून चहूबाजूंनी घेरले गेलात की दाबा. चौघांनी एकाच वेळी दाबू नका. एकाच्या शक्तीने मैदान साफ झालं की उरलेल्या तिघांची वाया जाते. 2022 च्या निंजा टर्टल्सच्या श्रेडर्स रिव्हेंजमध्ये टोमणा मारायची चाल पूर्ण केली की मीटर भरतं. तिथे एकाने शांतपणे टोमणा मारावा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती उभं राहून त्याला तेवढा वेळ मिळवून द्यावा. संघ म्हणून खेळण्याचा आनंद अशा छोट्या गोष्टींत आहे.

खाऊ कोणी घ्यायचा?

खाऊ म्हणजे वाटेत मिळणारं, हेल्थ भरून देणारं खाणं. ज्याची हेल्थ सर्वांत कमी, त्याने ते घ्यावं. यात वाद नको. पूर्ण हेल्थवर खाणं उचललं तर ते फुकट जातं. आणि दिसला खोका की फोडला असंही करू नका. खोक्यातून पडलेली वस्तू अनेक गेममध्ये थोड्या वेळाने लुकलुकून नाहीशी होते, खोका मात्र तसाच राहतो. लढाई संपेपर्यंत तो राहू द्या. पडलेल्या सोबत्याला उठवतानाही आधी त्याच्याभोवतीचे शत्रू हटवा. तुम्हाला मध्येच फटका बसला की उठवणं तुटतं आणि एकाऐवजी दोघे आडवे होतात.

हिरो निवडताना चौघांनी चार वेगवान हिरो घेतले तर अवजड शत्रूंना पकडून आपटणारा कोणीच उरत नाही. कॉस्मिक इन्व्हेजनमध्ये 15 हिरो आहेत आणि प्रत्येक खेळाडू दोन घेऊन मधेच अदलाबदल करतो. तिथे एक जवळून लढणारा आणि एक लांबून मारणारा किंवा उडणारा घ्या. सारख्याच धाटणीचे दोन घेतलेत तर अदलाबदलीचा फायदाच संपतो.

बटण दाबलं, हिरो उशिरा हलला

आधी एक गोष्ट ठरवा: उशीर सगळ्यांना होतोय की एकालाच? सगळ्यांना होत असेल तर दोष टीव्हीकडे. चित्र गुळगुळीत आणि रंगीत करण्यासाठी टीव्ही प्रत्येक फ्रेमवर (हलत्या चित्रातल्या एकेका चित्रावर) प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालत असेल तर एक फ्रेम जेमतेम 16.7 मिलिसेकंदांची असते. टीव्हीने 100 मिलिसेकंद लावले तर तुम्ही सहा फ्रेम मागे आहात, म्हणजे वेळेवर अडवणं किंवा चकवणं जवळजवळ अशक्य. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा आणि हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. गेम मोड पुष्कळदा प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो, म्हणून केबल दुसरीकडे लावली की पुन्हा तपासा.

एकालाच त्रास असेल तर त्याचा कंट्रोलर बघा. चार्ज किती आहे? कन्सोल टीव्हीच्या मागे किंवा बंद कपाटात कोंबलेला आहे का? केबल लावून पाहा. प्लेस्टेशन 5 वर नुसती केबल लावून भागत नाही, अॅक्सेसरीजच्या सेटिंगमध्ये संपर्काची पद्धत यूएसबीवर करावी लागते. हिरो आपोआप एका दिशेला चालत असेल तर तो स्टिकचा ड्रिफ्ट आहे, म्हणजे न हलवताही स्टिक हलल्यासारखी वाटते. निन्टेंडो स्विचवर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये स्टिक कॅलिब्रेट करता येते, म्हणजे तिचा मधला बिंदू पुन्हा ठरवता येतो. तेवढ्याने भागलं नाही तर डी-पॅडवर (अधिक चिन्हाच्या आकाराच्या दिशांच्या बटणांवर) खेळा. या प्रकारात आठ दिशा पुरतात आणि दोनदा दाबून धावणं डी-पॅडवर जास्त नेमकं जमतं.

दुसरा कंट्रोलर जोडलाच जात नाही

इथे सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट अशी: प्लेस्टेशन 4 चा ड्युअलशॉक 4 हा प्लेस्टेशन 5 ला जोडला जातो, मेन्यूतही चालतो, पण प्लेस्टेशन 5 चे गेम त्यावर खेळता येत नाहीत. फक्त प्लेस्टेशन 4 चे गेम चालतात. एकाच गेमच्या दोन्ही आवृत्त्या तुमच्याकडे असतील तर जुनी आवृत्ती लावून जुने कंट्रोलर वापरता येतात. प्लेस्टेशनवर प्रत्येक कंट्रोलरला स्वतःचा यूजर लागतो, पाहुण्यांसाठी गेस्ट म्हणून लॉगिन करा.

स्विचवर पकड आणि क्रम बदलण्याच्या स्क्रीनवर जा. एकच जॉय-कॉन (स्विचचा छोटा सुटा कंट्रोलर) आडवा धरून खेळायचा असेल तर त्याच्या कडेची एसएल आणि एसआर ही दोन्ही बटणं एकत्र दाबा, नाहीतर कन्सोल दोन्ही जॉय-कॉन मिळून एकच खेळाडू धरतो.

ऑनलाइन मित्र दिसत नाही

दोघांच्या गेमचं अपडेट एकच आहे का ते आधी बघा, बहुतेकदा गाडी तिथेच अडते. मग त्या गेममध्ये वेगवेगळ्या कन्सोलमध्ये खेळण्याची सोय आहे का ते पाहा आणि कन्सोलच्या ऑनलाइन सेवेचं सदस्यत्व चालू आहे याची खात्री करा. खेळताना धक्के बसत असतील तर ज्याचं इंटरनेट सर्वांत स्थिर आहे त्याने होस्ट (ज्याच्या कन्सोलवर खेळ चालतो तो) व्हावं, शक्यतो वाय-फायऐवजी केबलने. मात्र होस्ट बदलण्याआधी सेव्ह कोणाकडे होतंय ते बघून घ्या. पुष्कळ गेममध्ये कथेतली प्रगती फक्त होस्टच्या खात्यात जमा होते, आणि पाहुणा म्हणून खेळलेल्याला आपल्या कन्सोलवर पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात करावी लागते.