ऑफिसचा मेल सर्व्हर: बाहेर मेल जात नसेल तर

आतल्या आत मेल जातायत पण बाहेर एकही पोचत नाही, असं झालं की लगेच सेटिंग बदलत सुटू नका, आधी क्यू (पाठवायच्या मेलची रांग) आणि लॉग (सर्व्हरची नोंदवही) बघा. सर्व्हरवर पोस्टफिक्स हे मेल पाठवणारं सॉफ्टवेअर असेल तर मेलक्यू (mailq) कमांड मारली की अडकलेला प्रत्येक मेल आणि त्याच्याखाली कंसात कारण दिसतं. तिथे 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसलं तर बहुतेक वेळा पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो रस्ता, बंद असतो, बरेच इंटरनेटवाले तो बाहेर जाताना ब्लॉकच करतात. सर्व्हरवरूनच समोरच्या एमएक्सला (त्या डोमेनचे मेल घेणारा सर्व्हर) टेलनेट कमांडने पोर्ट २५ वर जोडून बघा, २२० ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा आहे, नाही आली तर इंटरनेटवाल्यांकडून पोर्ट उघडून घ्या किंवा रिलेहोस्ट (आपले मेल पुढे पाठवणारा दुसरा सर्व्हर) टाकून पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून पाठवा.

मेल परत येत असेल तर कोड नीट वाचा. ४ ने सुरू होणारा तात्पुरता, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो; ५ वाला कायमचा नकार.

५५० आणि सोबत रिव्हर्स डीएनएसचा उल्लेख असेल तर पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) लावून घ्या, तो तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये नाही, आयपी देणाऱ्याकडेच लागतो आणि लोक इथेच फसतात. एसपीएफचा उल्लेख असेल तर एसपीएफचा रेकॉर्ड (तुमच्या डोमेनचे मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) तपासा; तो एका डोमेनला एकच ठेवा, दोन झाले की तपासणीच फेल होते. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) पण लावाच.

आणि कृपा करून ओपन रिले (कुणाचेही मेल कुठेही पाठवून देणारा सर्व्हर) ठेवू नका, स्पॅमवाले शोधून काढतातच, मग आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो.