रॉक पॅन्टोत पहिल्यांदा उभं राहताना

ब्रिटनमधल्या नाताळच्या पॅन्टोत, म्हणजे परीकथेवरच्या गाणी-विनोदाच्या नाटकात, काम मिळालं असेल, तर सही करण्याआधी एक विचारून घ्या: बँड वेगळा आहे, की नटच बँड? लिव्हरपूलचं एव्हरीमन, इप्सविचचं न्यू वुल्झी, लीड्सचं सिटी व्हरायटीज, वेल्समध्ये मोल्डचं थिएटर क्लूइड ही थिएटरं रॉक अँड रोल पॅन्टोसाठी ओळखली जातात. अशा पॅन्टोत सिंड्रेलाची सावत्र बहीण बेस गिटार वाजवते, राजा संवाद संपवून ड्रमवर जाऊन बसतो. म्हणजे तयारी दुप्पट नाही, वेगळीच.

गाणी बहुतेक ओळखीची असतात, ती घरूनच पाठ करून जा. तालमीचा वेळ गाण्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दहा सेकंदांसाठी राखून ठेवा. गिटार कोण हातात देणार, वाजवून झाली की कुठल्या विंगेत ठेवायची, मध्ये अंगरखा बदलायचा असेल तर पट्टा आधी की बाह्या आधी, हे सगळं कागदावर उतरवा आणि विंगेत चिकटवा. रिवाजाप्रमाणे खलनायक प्रेक्षकांच्या उजवीकडून येतो आणि परी डावीकडून, त्यामुळे वाद्यांचे स्टँड कुठे उभे करायचे हेही त्यावरून ठरतं. कपडे शिवायला टाकताना वाद्य घेऊनच मापं द्या. फुगीर बाह्यांचा झगा आणि सॅक्सोफोन यांचं जमत नाही, हे रंगीत तालमीला कळून उपयोग नाही.

आता प्रेक्षक. ‘ही इज बिहाइंड यू!’, ‘ओ नो इट इझन्ट!’ असा नाट्यगृहभर प्रेक्षकांचा आरडाओरडा होणार, तो संहितेतच धरलेला असतो. पण तो किती वेळ चालेल ते कुणालाच माहीत नसतं. त्यात डेम, म्हणजे बाईच्या वेशातला विनोदी नट, पहिल्या रांगेतल्या एखाद्या बापाला हेरतो आणि रात्रभर त्याला सोडत नाही. तमाशातली मावशी पाहिलेल्याला हे शिकवावं लागत नाही. वाजवणाऱ्यांना मात्र शिकावं लागतं. डेम खेळतोय तोवर तेच दोन बार, म्हणजे संगीताची दोन आवर्तनं, हलक्या हाताने फिरवत राहायचे आणि ठरलेल्या शब्दावर किंवा खुणेवर पुढे सुटायचं. ही खूण सगळ्यांची एकच हवी. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरलेल्या ठोक्यांवर, बांधलेली गाणी अशा जागी अडचण करतात. मला विचाराल तर निदान विनोदाच्या प्रवेशांत क्लिक बंदच ठेवा. ड्रमर आणि डेमला दोन दिवस स्वतंत्र बसवा, हशा नेमका कुठे फुटतो ते ड्रमरच्या हाताला कळलं पाहिजे.

रंगमंचावर फेस उडवण्याचा राडा होतो तो प्रवेश सुरू होण्याआधी वायरी, पेडल आणि वाद्यं मागे गेलीच पाहिजेत, आणि ते कुणी न्यायचं हे नावानिशी ठरलेलं हवं. फेस दाढीच्या साबणाचा असला तरी फरशी निसरडी होतेच, म्हणून बुटांना रबरी तळ बघून घ्या.

कान सांभाळा. तिथल्या नियमांत ८० डेसिबलच्या पुढे मालकाने कानाचं संरक्षण उपलब्ध करायचं असतं आणि ८५ पासून ते वापरणं सक्तीचं होतं. संगीतकारांसाठी सगळे आवाज सारखे कमी करणारे प्लग मिळतात, ते आधीच आणून तालमीत सवय करा. कोरसमधल्या मुलांचे परवाने स्थानिक कौन्सिलकडून लागतात. ते काम निर्मात्याचं, तरी मुलं आपली असतील तर शाळेचं पत्र वेळेत द्या.

दिवसाला दोन प्रयोग धरूनच चाला. शाळांचा प्रयोग सकाळी असतो, तेव्हा गळा त्याआधीच उघडलेला हवा. घामाने तारा लवकर मरतात. जादा संच, माइकच्या बॅटऱ्या आणि माइक गालावर बसवायची चिकटपट्टी स्वतःच्या पेटीत ठेवा. पडद्यामागे शिट्टी वाजवू नका आणि नाटक संपवणाऱ्या यमकाच्या ओळी पहिल्या प्रयोगाआधी मोठ्याने म्हणू नका. अपशकुनांवर विश्वास नसला तरी जुनी मंडळी मनाला लावून घेतात.

२५ डिसेंबरला सुट्टी असते, पण त्या दिवशी ब्रिटनमध्ये रेल्वे धावत नाहीत आणि २६ लाही फारच थोड्या. २६ ला प्रयोग असेल आणि घर लांब असेल, तर मुक्काम थिएटरच्या गावातच ठेवा, किंवा गाडीवाला सहकलाकार आत्ताच पटवून ठेवा.