पात्र, अभिनय आणि माणूस: चाहत्यांचा गट चालवणाऱ्यांसाठी

चाहत्यांच्या गटात कोणी 'ती मला अजिबात सहन होत नाही' असे लिहिले, की गट चालवणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा की ती म्हणजे नेमकी कोण. कथेतले पात्र, ते रंगवणाऱ्या अभिनेत्रीचा अभिनय, की ती अभिनेत्री स्वतः? लिहिणाऱ्याला बहुधा पात्राविषयी बोलायचे असते, वाचणारे काही जण ते अभिनेत्रीविषयी आहे असे धरून चालतात, आणि तेवढ्यात कोणीतरी तिला टॅग करून तो मजकूर थेट तिच्यापर्यंत पोहोचवतो. असा एक गट सांभाळताना मला जी भांडणे मिटवावी लागली, त्यांतली बहुतेक या एका सर्वनामातून उगवलेली होती. पुढच्या सूचना म्हणूनच एका गोष्टीभोवती आहेत: पात्र, अभिनय आणि माणूस ही तीन प्रकरणे वेगळी ठेवावीत आणि प्रत्येकाशी वागण्याची वेगळी रीत गटाला लावावी.

सुरुवात लिहिण्याच्या सवयीपासून करावी. पात्राविषयी लिहिताना पात्राचे नाव आणि नटाविषयी लिहिताना नटाचे नाव, हा नियम गटाच्या नियमावलीत पहिल्या क्रमांकावर ठेवावा आणि अ‍ॅडमिनने स्वतः तो काटेकोरपणे पाळावा. 'त्याने बायकोला फसवले' हे वाक्य पात्राच्या नावाने लिहिले तर तो कथेचा सारांश असतो. तेच नटाच्या नावाने लिहिले तर ती एका जिवंत माणसाची बदनामी ठरू शकते. छायाचित्रांनाही हाच न्याय लावावा. प्रसंगातले चित्र पात्राच्या चर्चेला जोडावे. नटाच्या घरगुती समारंभातले, कोणीतरी लांबून टिपलेले छायाचित्र तिथे आणू नये.

पात्राविषयी चाहत्यांनी वाटेल ते बोलावे. त्याचा द्वेष करावा, त्याचा पूर्वेतिहास कल्पावा, त्याच्यावर कथा लिहाव्यात, दुसऱ्या पात्राशी त्याची जोडी जुळवावी. पात्राला घर नसते, नातेवाईक नसतात आणि त्याला रात्री झोप न लागण्याचाही प्रश्न नसतो. अभिनयाविषयी बोलताना मात्र विशिष्ट प्रसंगाचा आधार द्यावा. अमुक प्रसंगातले रडणे खोटे वाटले असे म्हणायला कोणाची हरकत नसावी, पण असे म्हणण्याआधी त्यातले किती नटाच्या हातात होते याचा विचार व्हावा. संवाद लेखकाने लिहिलेले असतात, कोणता चेहरा किती वेळ दिसणार हे संकलनाच्या टेबलावर ठरते, आणि चित्रीकरण कथेच्या क्रमाने होतेच असे नाही. ताटातुटीचा प्रसंग पहिल्या भेटीच्या आधीही चित्रित होऊ शकतो. माणसाविषयी बोलायची वेळ आली, तर त्याने स्वतः जाहीरपणे जेवढे सांगितले आहे तेवढ्यावर थांबावे. त्याचा विवाह, आजार, वजन, श्रद्धा, भांडणे यांविषयीचे तर्क 'काळजीपोटी' मांडलेले असले तरी ते तर्कच असतात.

हे तिन्ही एकमेकांत मिसळतात याचे कारण चाहत्यांचा मूर्खपणा हे नाही, आणि नव्या सभासदाला तसे ऐकवूही नये. १९५६ मध्ये डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील व्यक्तींशी प्रेक्षकांचे जे एकतर्फी नाते जुळते त्यावर एक निबंध लिहिला. समोरासमोरच्या सहवासात जी जवळीक वाटते तिचाच भास ही माध्यमे निर्माण करतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पडद्यावरचा चेहरा आपल्याला हातभर अंतरावरून दिसतो. इतक्या जवळून आपण एरवी फक्त घरच्यांना पाहतो. त्याचे रडणे, हसणे, मान वळवण्याची लकब आपल्याला पाठ होते, आणि ती लकब नटाचीच असल्यामुळे पात्र कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो हे मनाला सहजी कळत नाही. ओळख आपल्या बाजूने पूर्ण असते आणि त्याच्या बाजूने शून्य असते, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे प्रमाद टळतात.

अमेरिकन नट लिओनार्ड निमॉय यांचा अनुभव मी नव्या सभासदांना आवर्जून सांगतो. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झाली आणि त्यातल्या स्पॉक या पात्राने निमॉय यांना जन्मभराची ओळख दिली. १९७५ मध्ये त्यांनी 'मी स्पॉक नाही' अशा अर्थाच्या शीर्षकाचे आत्मकथन प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक चाहत्यांनी शीर्षकावरूनच असा ग्रह करून घेतला की त्यांनी पात्राला झिडकारले. प्रत्यक्षात त्या पुस्तकात निमॉय आणि स्पॉक एकमेकांशी गप्पा मारतात आणि पात्राविषयीचा त्यांचा जिव्हाळा लपत नाही. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांनी दुसरे पुस्तक काढले आणि त्याला 'मी स्पॉक आहे' असे उलट नाव दिले. नटालासुद्धा स्वतःची सीमारेषा आखायला दोन पुस्तके लागली, तर चाहत्यांची गफलत समजून घेण्यासारखी आहे.

मात्र ही गफलत द्वेषाच्या दिशेने गेली की समजुतीने घेऊन भागत नाही. निळू फुले सेवादलाच्या मुशीतून आलेले आणि सामाजिक चळवळींत वावरणारे गृहस्थ होते, तरी पडद्यावरच्या खलनायकाची धास्ती त्यांच्या वाट्याला प्रत्यक्ष आयुष्यातही आली. ती एका अर्थाने अभिनयाला मिळालेली पावती होती, असे आपण कौतुकाने म्हणतो. अ‍ॅना गन यांच्या बाबतीत तसे म्हणण्याची सोय उरली नाही. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेत त्यांनी रंगवलेल्या स्कायलर व्हाइट या नायकाच्या पत्नीच्या पात्राचा राग हळूहळू त्यांच्यावर व्यक्तिशः निघू लागला, इतका की एका मजकुरात त्यांना ठार मारण्याची भाषा झाली, आणि २०१३ मध्ये त्यांना 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर जाहीर लेख लिहावा लागला. पात्राला शिव्या देणारा मजकूर गटात राहू द्यावा; पात्राच्या नावाखाली अभिनेत्रीचे दिसणे, वय किंवा चारित्र्य यांवर घसरलेला मजकूर मात्र इशारा देत न बसता काढून टाकावा. टीकेत कलाकाराला टॅग करण्यास सरसकट मनाई ठेवावी. स्तुतीत टॅग करायला हरकत नाही, पण उत्तराची अपेक्षा धरू नये, आणि उत्तर आले नाही म्हणून 'गर्व चढला' अशी चर्चा तर अजिबात होऊ देऊ नये.

तक्रार असेल तेव्हा ती योग्य दारात न्यावी. पात्राला मारले, बिघडवले, मालिकेतून काढले, तर तो निर्णय बहुतेक वेळा लेखक, निर्माता किंवा वाहिनी यांचा असतो. नटाला तो आपल्याइतकाच अनपेक्षित असू शकतो. १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला कड्यावरून खाली लोटले तेव्हा वाचकांचा रोष लेखकावर आणि मासिकावर आला, आणि १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. 'स्टार ट्रेक' बंद पडण्याच्या बेतात असताना बिजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उभी केली. ती पत्रे वाहिनीच्या नावे गेली, आणि मार्च १९६८ मध्ये मालिका चालू राहणार असल्याचे वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केले. आज अशी मोहीम काढायची झाल्यास प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावे, एकच मजकूर शंभर जणांनी चिकटवू नये, मागणी एका वाक्यात स्पष्ट करावी आणि कलाकारांना 'तुम्ही आमच्या बाजूने बोला' असा आग्रह धरू नये, कारण ज्यांच्याशी त्यांचा करार असतो त्यांच्याविरुद्ध जाहीर बोलणे त्यांना परवडतेच असे नाही.

जोड्या जमवण्याचे प्रकरण नाजूक आहे. दोन पात्रांची प्रेमकथा चाहत्यांनी रंगवावी, मूळ कथेत ती नसली तरी रंगवावी. हौशी कथालेखनाची ही जुनी आणि माझ्या मते अतिशय निरोगी परंपरा आहे. ती भूमिका करणारे दोन कलाकार प्रत्यक्षातही एकमेकांचे असावेत असा हट्ट सुरू झाला, की त्यांच्या खऱ्या जोडीदारांवर चिखलफेक व्हायला वेळ लागत नाही. अशा कथा कलाकारांना पाठवू नयेत, मुलाखतीत किंवा कार्यक्रमात त्यांना वाचायला लावू नयेत, आणि त्यावर त्यांचे मत विचारून त्यांना पेचात टाकू नये. खऱ्या कलाकारांचे चेहरे किंवा आवाज वापरून यंत्राकडून बनवलेली चित्रे आणि ध्वनिफिती गटात ठेवूच नयेत.

पत्ता, हॉटेल, प्रवासाची वेळ, मुलांची शाळा आणि चालू चित्रीकरणाची जागा गटात कधीही सांगू नये, याला अपवाद करू नये. १९८९ मध्ये रिबेका शेफर या तरुण अमेरिकन अभिनेत्रीचा तिच्या पाठीमागे लागलेल्या एका चाहत्याने तिच्याच दारात खून केला. त्याने खासगी गुप्तहेरामार्फत वाहन खात्याच्या नोंदींतून तिचा पत्ता मिळवला होता. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने पाठलागाला गुन्हा ठरवणारा कायदा केला. 'मी फक्त लांबून पाहिले' असे म्हणत जागा सांगणारा सभासद सज्जन असेलही, परंतु ती वाचणाऱ्या प्रत्येकाची हमी तो देऊ शकत नाही. कलाकार तिथून निघून गेल्यावर आठवण सांगायला मोकळीक असावी.

प्रत्यक्ष भेटीचा योग आल्यास काय बोलायचे ते आधी एका वाक्यात ठरवून ठेवावे, कारण समोर उभे राहिल्यावर शब्द सुचत नाहीत आणि माणूस भलतेच बोलून बसतो. 'तुमची सगळी कामे आवडतात' यापेक्षा एखादा प्रसंग आणि त्यातला एखादा बारकावा सांगावा. कलाकाराला तो लक्षात राहतो. मात्र अमुक भागात तुम्ही असे का केलेत, हे विचारू नये. किती तरी महिन्यांपूर्वी, उलटसुलट क्रमाने केलेल्या कामातला तो क्षण त्याला आठवत नसतो आणि आपला मात्र हिरमोड होतो. हाक खऱ्या नावाने, आदरार्थी मारावी. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, स्पर्श करण्यापूर्वी तर नक्कीच विचारावे, आणि तो कुटुंबासोबत असेल तर नमस्कार करून पुढे जावे. बालकलाकारांच्या बाबतीत पालकांशिवाय कोणाशीही संपर्क नको.

भूमिकेसाठी नट बदलला की गट हमखास दुभंगतो. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेने १९६६ मध्ये नायकाचे शरीरच बदलते अशी कल्पना लढवून विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांना आणले, आणि त्यातून पुढची अनेक दशके तिचे आयुष्य वाढले. याच मालिकेचा शाळकरी वयातला एक कट्टर चाहता, पीटर कापाल्डी, पुढे स्वतःच मालिकेतला 'डॉक्टर' नावाचा नायक झाला. इतकी सोय प्रत्येक कथेत नसते, तरीही नव्या नटाचे पहिले काही भाग होईपर्यंत जुन्याशी तुलना करणारे मतदान घेऊ नये, असा ठराव आमच्या गटाने केला आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो.

नटावर गंभीर आरोप झाला, तर जबाबदार वृत्तपत्रांत आले आहे तेवढेच गटात चर्चिले जावे. पीडितांची नावे शोधून काढण्याचा उद्योग तात्काळ थांबवावा. पात्र आवडत राहणे म्हणजे नटाचे समर्थन, असे समीकरण कोणावर लादू नये, तसेच ते पात्र आता नकोसे झाले म्हणणाऱ्याला गद्दार ठरवू नये.

शेवटचा प्रसंग क्वचित येतो, पण गटाची खरी परीक्षा घेतो: कलाकार स्वतः गटात येतो. खाते खरे आहे का याची खातरजमा त्याच्या अधिकृत खात्यावरून करून घ्यावी. जुनी टीका घाईघाईने पुसू नये. ती पात्रापुरती आणि अभिनयापुरती असेल तर ती पुसण्याचे कारणच नसते. त्याला नियमावली इतरांसारखीच पाठवावी, प्रश्नांचा भडिमार रोखावा, स्वागताचे दोन शब्द लिहावेत आणि चर्चा जिथे थांबली होती तिथून पुढे चालू करावी.