शाळांतर्गत क्रीडास्पर्धा भरवताना : प्राथमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

प्राथमिक शाळेत स्वतंत्र क्रीडाशिक्षक बहुधा नसतो, त्यामुळे क्रीडाविभाग शाळेत सर्वांत शेवटी रुजू झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला येतो. माझ्याकडे तो तसाच आला आणि बदलीनंतर दुसऱ्या शाळेत मी तो आपणहून मागून घेतला. या कामात सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते, ती ही की केंद्र (आसपासच्या शाळांचा गट) व तालुका पातळीवरील स्पर्धांसाठी संघ निवडणे आणि शाळेतल्या शाळेत स्पर्धा भरवणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्या कामात उत्तम खेळणारी दहा-बारा मुले शोधायची असतात. दुसऱ्यात पटावरचे प्रत्येक मूल, मग ते लाजाळू असो, स्थूल असो वा कुबड्या घेऊन चालणारे असो, खरोखर किती वेळ खेळले हे पाहायचे असते. दिव्यांग मुलांसाठी शेवटी एक वेगळी शर्यत ठेवली की कार्यक्रम समावेशक झाला, अशी समजूत सर्रास आढळते. माझ्या मते समावेशन ठरते ते सामन्यांचे वेळापत्रक, संघांची रचना आणि खेळाचे नियम यांवर, आणि या तिन्ही गोष्टी मैदानावर फक्की पडण्याआधी कागदावर ठरवाव्या लागतात.

वेळापत्रकाचे गणित साधे आहे. समजा तिसरी ते पाचवीची मिळून ९६ मुले आहेत. त्यांचे सहा-सहा जणांचे १६ संघ करून बाद पद्धतीने स्पर्धा घेतली तर एकूण १५ सामने होतात, पण पहिल्याच फेरीत आठ संघ, म्हणजे ४८ मुले, एकेक सामना खेळून बाहेर बसतात आणि ज्यांना खेळण्याची सर्वाधिक गरज असते तीच मुले त्यांत जास्त असतात. त्याच मुलांचे १६ जणांचे सहा संघ करून साखळी पद्धत ठेवली, तरी सामने १५च होतात आणि प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात. संघातील आठ जणांनी पूर्वार्धात आणि उरलेल्या आठ जणांनी उत्तरार्धात खेळायचे व दोन्हींचे गुण एकत्र धरायचे, एवढा नियम केला की राखीव खेळाडू ही जागाच उरत नाही. रोज शेवटच्या तासाला एक सामना घेतला तर तीन आठवड्यांत स्पर्धा पूर्ण होते. सगळे खेळ एकाच दिवशी उरकणारा क्रीडामहोत्सव पाहुण्यांना बरा दिसतो, परंतु त्यात मुलांचा बहुतेक वेळ उन्हात रांगेत बसण्यात जातो. खाशाबा जाधव यांचा जन्मदिन असलेला १५ जानेवारी राज्यात क्रीडादिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी फक्त शेवटचे सामने आणि बक्षीस समारंभ ठेवावा.

कप्तानांनी आळीपाळीने गडी मागून घेण्याची पद्धत शाळेत मुळीच नसावी, कारण त्यात शेवटी कोण उरणार हे वर्गातल्या सर्वांना आधीच ठाऊक असते. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर संघ असमान होतात. त्यासाठी वर्गशिक्षकांना विचारून, मुलांना न सांगता, चपळाईनुसार चार ढोबळ याद्या कराव्यात आणि प्रत्येक यादीतून चिठ्ठ्या काढून संघ भरावेत. मुली आणि मुलगे एकाच संघात असावेत. इयत्ता आणि वस्त्यांचीही सरमिसळ व्हावी.

खरा विचार लागतो तो नियमांना. गल्लीत मुले दुबळ्या गड्याला लिंबूटिंबू म्हणून खेळवतात, म्हणजे तो बाद झाला तरी धरत नाहीत आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. शाळेच्या स्पर्धेत ही सवलत कोणालाही देऊ नये. प्रत्येकाचा गुण खरा आणि प्रत्येकाचे बाद होणेही खरे असावे, आणि ते शक्य व्हावे म्हणून अंतर, साहित्य किंवा खुणा बदलाव्यात. लगोरीत हाताची ताकद कमी असलेल्या मुलाला जवळच्या रेषेवरून चेंडू मारू द्यावा. खो-खोमध्ये बसलेल्या गड्याच्या पाठीला स्पर्श करूनच खो द्यावा लागतो, त्यामुळे ऐकू न येणारे मूल त्यात सहज सामावते. त्याने दिलेला खो आवाजाविना, केवळ स्पर्शाने ग्राह्य धरला की पुरे. शर्यतीची सुरुवात आणि पंचाची शिट्टी यांच्या जोडीला रंगीत रुमाल हलवण्याची सवय मात्र ठेवावी. रिले शर्यतीत चौघांनी समान अंतर धावण्याऐवजी संघाने एकूण २०० मीटर आपसात वाटून घ्यावेत. कोणी ८० मीटर धावेल, कोणी वॉकर घेऊन २० मीटर चालेल, आणि कोणाला किती द्यायचे यावर मुले जो खल करतात तो ऐकण्यासारखा असतो. अंधुक दिसणाऱ्या मुलासाठी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला तर घरंगळताना त्याचा आवाज येतो.

काही खेळ मुळातच अशा मुलांसाठी घडलेले आहेत आणि ते सर्वांनी मिळून खेळावेत. गोलबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे तीन-तीन खेळाडू डोळ्यांवर पट्टी बांधून घुंगरू असलेला चेंडू आवाजावरून अडवतात. रेषेखाली सुतळी घालून वर चिकटपट्टी लावली की ती हाताला कळते, आणि प्रेक्षकांना गप्प बसावे लागते, जे आपल्या मुलांना खेळापेक्षाही अवघड जाते. १९८४पासून पॅरालिम्पिकमध्ये असलेला बोचा हा खेळ बसून खेळता येतो : पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले सहा लाल किंवा सहा निळे चेंडू टाकायचे. जुन्या मोज्यांत वाळू भरून रंग दिले की त्याचे साहित्य शाळेतच तयार होते. समग्र शिक्षा योजनेत क्रीडासाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० आणि उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे; तरी वेळापत्रक त्या रकमेच्या भरवशावर आखू नये.

खेळ सुरू होण्यापूर्वी पालकांकडून आरोग्याची माहिती लिहून घ्यावी. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले प्रत्येक शाळेत असू शकतात. त्यांना वरचेवर पाणी आणि विश्रांती मिळाली पाहिजे, अतिश्रम होता कामा नयेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना कोलांटउडी मारायला लावू नये. दम्याच्या मुलाचा पंप कार्यालयाच्या कपाटात नव्हे तर मैदानाच्या कडेला, शिक्षकाच्या हाताशी असावा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील, दिव्यांग मुलांसाठी नेमलेल्या विशेष शिक्षकांना वेळापत्रक ठरवतानाच बोलावावे, उद्घाटनाला नव्हे.

‘त्याला काही झाले तर जबाबदार कोण’ हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत हमखास निघतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाच्या संधी देणे आवश्यक आहे, हे अशा वेळी शांतपणे सांगावे; पण माझा अनुभव असा की कलमापेक्षा बदललेल्या नियमांचा कागद आणि आरोग्याची नोंदवही समोर ठेवली की शंका लवकर मिटतात. गुणफलकासोबत कोण किती मिनिटे खेळले याची नोंद पाचवीच्या मुलांकडून ठेवून घ्यावी. दर शनिवारी ती वाचून, ज्याचा वेळ कमी भरला असेल त्याला पुढच्या सामन्यात पूर्वार्धातच उतरवावे आणि तो कमी का भरला हे त्याच्या वर्गशिक्षकांना विचारून घ्यावे.